सिंगापूरची विहीर : दोन युद्धकैदी आणि एका फलकाचा प्रकरण अभ्यास

गाव धाराशिव जिल्ह्यातलं, भूम-परंड्याच्या बाजूचं, बाजारहाटाला बार्शीकडे जाणारं. यापेक्षा जास्त पत्ता देत नाही. माणसांची नावंही देत नाही. एकाला आप्पा म्हणू, दुसऱ्याला तात्या. चुलतभाऊ, एकाच वाड्यात वाढलेले, आप्पा दोन वर्षांनी थोरले. दोघेही आता हयात नाहीत. मी शेजारच्या गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो, आणि गावानं विचारलं म्हणून या प्रकरणात पडलो.

पार्श्वभूमी

तेव्हा हा मुलूख निजामाचा. पण बार्शी इंग्रजी हद्दीत, आणि १९४० साली तिथून पुढे सोलापूरला भरती चालू होती. दोघे बाजाराला म्हणून गेले आणि आठ दिवसांनी घरी निरोप आला की पोरं फौजेत गेली. पायदळात नव्हे, मोटारींच्या कंपनीत. तोवर बैलगाडीशिवाय काही हाकलेलं नव्हतं. १९४१ मध्ये त्यांना मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या बाजूला, पाठवलं.

मलायातली लढाई दोन महिन्यांत आटोपली. ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जपानी कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरले. तिथल्या विमानतळाच्या राखणीला खुद्द निजामाच्या फौजेची एक पलटण, पहिली हैदराबाद इन्फंट्री, होती. आपल्याकडे हे फार कुणाला ठाऊक नसतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी, १७ तारखेला, गोऱ्या सैनिकांना चांगीकडे धाडून हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानावर गोळा केलं. सुमारे ४० ते ४५ हजार माणसं. एका इंग्रज कर्नलनं त्यांना जपान्यांच्या हवाली केलं आणि इथून पुढे त्यांचे हुकूम माना असं सांगितलं. मग मेजर फुजिवारा जपानीत बोलले, त्याचं इंग्रजी झालं, इंग्रजीचं हिंदुस्तानी झालं. शेवटी कॅप्टन मोहनसिंग बोलले. १/१४ पंजाब पलटणीचा हा अधिकारी डिसेंबरातच जपान्यांच्या हाती लागला होता. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी फौज उभी करायची आहे, कोण येतं, असा त्यांचा सवाल होता.

आप्पा गेले. तात्या राहिले.

पुढचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९४२ मध्ये सुमारे १६ हजारांची पहिली आझाद हिंद फौज उभी राहिली. मोहनसिंगांचं जपान्यांशी बिनसलं, डिसेंबरअखेर त्यांना अटक झाली आणि ती फौज मोडली. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला आले आणि ती पुन्हा उभी राहिली. आप्पा दुसऱ्यांदाही गेले. ब्रह्मदेशात त्यांनी ट्रक चालवले, इंफाळच्या माघारीत हिवतापानं अर्धे झाले आणि मे १९४५ मध्ये रंगूनला पुन्हा कैद झाले, या खेपेला इंग्रजांकडे. बंगालात झिंगरगाछाच्या छावणीत जबान्या झाल्या. तिथे माणसांची तीन रंगांत वाटणी व्हायची: इंग्रजांशी इमान राखलेले पांढरे, मनापासून आझाद हिंदमध्ये गेलेले काळे, आणि मधले करडे. आप्पा काळे ठरले. बडतर्फी, थकलेला पगार जप्त.

तात्यांना मजूर तुकडीतून आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर राबौलला नेलं. जपानच्या शरणागतीनंतर सप्टेंबर १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा, घरचे सांगतात, ते स्वतःच्या पायानं जहाजावर चढू शकले नव्हते. ते पांढरे ठरले. साडेतीन वर्षांचा पगार एकरकमी हातात आला आणि त्यातून त्यांनी वाड्यामागच्या वावरात विहीर पाडली. गाव तिला सिंगापूरची विहीर म्हणतं. भांडण झालं की इंग्रजाची विहीर म्हणतं. पाणी दोन्ही घरांच्या वावराला जायचं, अजून जातं.

पेच

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवी वर्षात, २०२३ च्या पावसाळ्यात, ग्रामपंचायतीनं चावडीसमोर नावांचा फलक लावायचं ठरवलं. १७ सप्टेंबरला अनावरण. बार्शीहून काळा ग्रॅनाइट यायचा होता, कोरणारा अक्षराला पैसे घेणार होता, त्यामुळे ग्रामसेवकाला नावांची यादी पक्की आणि लवकर हवी होती.

आप्पांचं नाव कुणी न विचारताच वर होतं. सरकारी पेन्शनचे स्वातंत्र्यसैनिक, शिवाय १९४८ साली बार्शीच्या बाजूच्या, निजामाविरुद्धच्या एका कॅम्पात त्यांनी पोरांना बंदूक धरायला शिकवलेली. तात्यांची नात गावात आशा ताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका, आहे. बैठकीत ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "माझ्या आजोबाला पण कैद झाली होती की ओ सर."

त्यावर आप्पांचा नातू तडकला. "नेताजींना नाही म्हणलेला माणूस आमच्या आजोबाच्या शेजारी? इंग्रजाचा पगार घेतलेला माणूस?" वातावरण तिथेच बिघडलं असतं, पण तिसरीच ठिणगी पडली. गावातले एक निवृत्त सुभेदार, एरवी बैठकीत तोंड न उघडणारे, म्हणाले की बेलभंडारा उचलून खाल्लेलं मीठ सोडणाऱ्याला फौजेत काय म्हणतात ते मला विचारू नका. म्हणजे एकाच्या मते तात्या नको, दुसऱ्याच्या मते आप्पाच नको. यादी माझ्या हातात दिली गेली. "सर, तुम्ही ठरवा."

मी हो म्हटलं. पहिली चूक ही.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग एकट्या आप्पांचं नाव कोरण्याचा. पेन्शनचा आदेश हाताशी होता आणि ग्रामसेवकाला कागदच लागतो. पण ज्या पायावर तो आदेश उभा, तो केंद्राच्या १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेचा पाया: स्वातंत्र्यलढ्यात कोण होतं? तिथे तात्या बसत नाहीत, हे खरं. फलकाचा प्रश्न मात्र गावानं कसा मांडायचा हे गावाच्या हातात होतं.

दुसरा मार्ग दोघांनाही वगळून फक्त मुक्तिसंग्रामातली नावं घेण्याचा. पण कॅम्पामुळे आप्पा त्यातही येतातच, आणि मग तात्यांना वगळायला मुक्तिसंग्रामाची सबब केली असं दिसलं असतं.

तिसरा, दोन मथळे: 'स्वातंत्र्यसैनिक' खाली आप्पा, 'माजी सैनिक' खाली तात्या. सरपंच आणि ग्रामसेवक याच बाजूचे होते. मलाही हाच शहाणपणाचा वाटला होता. वाद मिटतो, कुणी खोटं ठरत नाही. खटकलं एवढंच की त्यात १७ फेब्रुवारी १९४२ चा एक दिवस दोन माणसांच्या सगळ्या आयुष्याचा निकाल होऊन बसतो.

चौथा, दोघे एकाच मथळ्याखाली. पण मथळा काय द्यायचा?

इथे बैठकीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं सांगायला हवं, कारण पुढे त्याचाच उपयोग झाला. ते म्हणाले, "नेताजी पालकराला इथं धारूरला धरलं. मुसलमान केलं, काबूलकडं नेऊन लढवलं. धा वरसानं आला तवा म्हाराजानं काय विचारलं काय, कुणाच्या बाजूनं लढलास म्हणून? घेतला की घरात." बैठक हसली. इतिहासाच्या मास्तराला मात्र घाम फुटला. १६६६ मध्ये अटक, महंमद कुलीखान हे नाव, अफगाणिस्तानच्या मोहिमा, १६७६ मध्ये परत आल्यावर शुद्धी. हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं आणि पकडलेल्या माणसानं पकडणाऱ्याकडून लढणं म्हणजे नेमकं काय हा प्रश्न एकदाही फळ्यावर लिहिला नाही. पालकरांना पर्याय होता का? धर्मांतर केलं नसतं तर जीव राहिला असता का? आपण त्यांना माफ करतो ते सक्ती दिसते म्हणून. आप्पांच्या बाबतीत सक्ती नव्हती असं मानून आपण त्यांना हार घालतो. दोन्हीकडे कैदी मनातून किती मोकळा होता, यावरच सगळा हिशेब.

कैद्याच्या 'हो'चं वजन

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. शत्रूच्या प्रजेला तिच्याच देशाविरुद्ध लढायला भाग पाडू नये, हे १९०७ च्या हेग नियमांत आलं. १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपाननं सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही, म्हणजे फॅरर पार्कवर तो करार जपान्यांना बांधत नव्हता. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानं युद्धकैद्याला पकडणाऱ्या देशाच्या फौजेत सक्तीनं घेणं हा गंभीर गुन्हा ठरवला, आणि त्याच करारात असंही कलम आहे की कैद्याला आपले हक्क स्वतः होऊनही सोडता येणार नाहीत. हे दुसरं कलम मला पहिल्यापेक्षा शहाणं वाटतं. तारेच्या कुंपणाआड दिलेली संमती ही संमती म्हणून मोजायची कशी, हे ठरवण्याचा भार त्यानं कैद्यावर टाकलेला नाही.

आता आझाद हिंद फौजेचं चित्र यात कुठे बसतं? आपल्याला शाळेत फक्त स्वेच्छा सांगितली जाते. स्वेच्छा होतीच, आणि तिला कारणं होती. मलायात हिंदी अधिकाऱ्याला गोऱ्यापेक्षा पगार कमी आणि क्लबात मज्जाव. साहेबानंच आपल्याला मैदानावर दुसऱ्याच्या हवाली केलं, मग इमान कुणाशी ठेवायचं, हा सवाल तर थेट लाल किल्ल्यातल्या खटल्यापर्यंत गेला. नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर तो चालला, बचावाला भुलाभाई देसाई होते, जन्मठेप झाली आणि सरसेनापती ऑकिनलेक यांना जानेवारी १९४६ मध्ये ती माफ करावी लागली.

पण न जाणाऱ्यांवर काही छावण्यांत जोर झाला, मारहाण झाली, हेही त्याच काळच्या खटल्यांत नोंदलेलं आहे. कॅप्टन अब्दुल रशीद यांना फेब्रुवारी १९४६ मध्ये शिक्षा झाली ती याच आरोपाखाली, आणि तिच्याविरुद्ध कलकत्ता पेटलं. आणखी एक गोष्ट कुठल्याच बाजूला बसत नाही. कित्येक जण भातासाठी गेले, औषधासाठी गेले, आपला हवालदार गेला म्हणून गेले, मजूर तुकडीत नाव लागू नये म्हणून गेले. जर्मनीतही उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांतून सुमारे ३ हजारांची फलटण उभी राहिली होती. तिथेही मनं अशीच मिसळलेली असणार.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. परंड्याकडचा बावीस वर्षांचा पोरगा, घरी मराठी, फौजेत रोमन लिपीतली हिंदुस्तानी शिकलेला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न त्याला तिसऱ्या हातानं, दुभाष्याच्या दुभाष्याकडून, ४० हजारांच्या गर्दीत मागे कुठेतरी उभं राहून ऐकावा लागला.

काय केलं

दोन्ही घरी गेलो. आप्पांच्या घरी पेन्शनची फाईल लख्ख होती, १९८१ च्या मंजुरीची. नातवानं चहा दिला, फाईल दिली, बोलला काही नाही. तात्यांच्या घरी नातीनं माळवदावरून पत्र्याची ट्रंक उतरवली. त्यात एक पितळी डबा, जहाजावरचा कसलासा बिल्ला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला स्टँप पेपर. १९७४ चं प्रतिज्ञापत्र. अर्जनवीसाच्या हातचं, तहसीलच्या मराठीत. खाली सही तात्यांची, पण देवनागरीत नाही, रोमन अक्षरांत, एकेक अक्षर सुटं काढलेली. फौजेत तेवढंच लिहायला शिकले होते.

मजकूर असा:

"सदर इसम माझे समक्ष आझाद हिंद फौजेत गेला. मी गेलो नाही. त्यास कोणी मारून नेले नाही व मलाही कोणी धरून ठेवले नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी भात एकाच डब्यात खाल्ला."

आप्पांच्या पेन्शनच्या अर्जाला जोडायला तात्यांनी हे करून दिलं होतं. आप्पांकडे बडतर्फीचा कागद नव्हता, वाळवीनं खाल्लेला. सोबतच्या कैद्याचा दाखला लागत होता. पण दाखला देणाऱ्याचा स्वतःचा हक्क आधी सिद्ध झालेला हवा, असा नियम. तात्या पडले पांढरे. त्यांचा कागद बिनकामाचा ठरला आणि परत आला. पुढे दुसऱ्या तालुक्यातल्या एका आझाद हिंद सैनिकानं दाखला दिला आणि आप्पांचं काम झालं. परत आलेला कागद तात्यांनी फाडला नाही.

मी हरखलो. दुसऱ्याच दिवशी बैठकीत तो कागद मोठ्यानं वाचला. माझा मुद्दा तयार होता: बघा, सक्ती नव्हती, दोघांनी आपापल्या मनानं निर्णय घेतला, दोघे सारखे. आप्पांचा नातू खाली मान घालून बसला. सुभेदार काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

बैठक संपल्यावर नात चावडीच्या पायरीवर थांबली होती. "सर, तुम्ही असं कसं वाचलाव? मारलं नाही असं आजोबा कागदात म्हणले. घरी असं नव्हते म्हणत." नंतरच्या एका छावणीत, फौजेत न जाणाऱ्यांना उन्हात उभं करून मारताना त्यांनी पाहिलं होतं, पाठीवर एक वळ त्यांच्याही होता, जो ते बैलाच्या शिंगाचा म्हणून सांगायचे. "मग कागदात का नाही?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मारून नेलं असं लिहिलं असतं तर आप्पाआजोबाला पेन्शन कशी मिळाली असती?

साधी गोष्ट. मुलांना तीस वर्षं सांगत आलो की कागद कुणासाठी लिहिलाय ते आधी विचारा. स्वतः नाही विचारलं.

मग पुन्हा दोन्ही घरं. या वेळी बैठकीबाहेर, आधी आप्पांच्या घरी. नातवाला सगळं सांगितलं, वळ धरून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की आप्पा शेवटच्या आजारात रात्री उठून "डबा कुठंय" असं विचारायचे, आणि घरचे समजायचे की भूक लागली. यावर मी काही बोललो नाही, त्यानंही पुढे काही सांगितलं नाही. निघताना त्यानं विचारलं, "मथळा काय देणार?"

निष्पत्ती

मथळा सुभेदारांनी सुचवला, हे मला अजून नवल वाटतं. वीर नको, सैनिक नको, स्वातंत्र्यसैनिकही नको. "जे झालं ते लिहा." फलकावर वर मुक्तिसंग्रामातली नावं आहेत, त्यांत आप्पांचं कॅम्पाच्या नोंदीनं आहेच. खाली एक ओळ सोडून असं कोरलंय: 'सिंगापूर येथे युद्धकैदी, १५ फेब्रुवारी १९४२', आणि त्याखाली दोन नावं, वयाच्या क्रमानं. कोण कुणाच्या बाजूनं हे फलकावर नाही.

सगळे खूश झाले नाहीत. आप्पांचं नाव दोनदा आलं म्हणून तात्यांच्या भावकीतले एक जण नाराज. कोरणाऱ्यानं 'युद्धकैदी'ला जोडाक्षराचे जास्तीचे पैसे लावले, त्यावर ग्रामसेवकानं तासभर घासाघीस केली. १७ सप्टेंबरला आप्पांचा नातू आला, पण नारळ फोडायला पुढे झाला नाही. तात्यांच्या नातीनं फोडला.

पुन्हा करायचं झालं तर

'तुम्ही ठरवा' याला हो म्हणणार नाही. यादी कुणी ठरवायची ती ठरवो. माझं काम काय घडलं ते शोधण्याचं, आणि या दोन कामांची गल्लत केल्यामुळेच मी पुरावा हाती आल्याबरोबर त्याचा निकाल करून टाकला.

कुटुंबाचा कागद चारचौघांत वाचण्याआधी त्या कुटुंबाला एकदा वाचून दाखवीन. ते केलं असतं तर नातीला पायरीवर थांबावं लागलं नसतं. आणि आप्पांच्या घराला आपल्या माणसाच्या पेन्शनमागची ही गोष्ट भर बैठकीत पहिल्यांदा ऐकावी लागली, ती वेगळीच.

सगळ्यात जास्त हळहळ आहे ती वेळेची. आप्पा १९९० च्या दशकापर्यंत होते. मी त्यांना झेंडावंदनाला पाहुणे म्हणून दोनदा बोलावलं, शाल दिली, 'चलो दिल्ली' म्हणून घेतलं. फॅरर पार्कवर मागे उभं राहून तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं, हे विचारलं नाही. पहिली फौज मोडल्यावर दुसऱ्यांदा का गेलात, हेही नाही. पहिल्या वेळेला भूक असेल, गर्दी असेल. दुसऱ्या वेळेला तसं म्हणता येत नाही, आणि या माणसाचा खरा निर्णय कदाचित तोच होता.

प्रतिज्ञापत्राच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक या घरी, एक त्या घरी. मूळ कागद कुठे ठेवायचा यावर अजून बोलणं चालू आहे. नात म्हणते आप्पांच्या फाईलीत, कारण तो त्यांच्यासाठीच लिहिला होता. नातू म्हणतो ट्रंकेतच राहू दे, डब्याबरोबर.